गांधीलमाशी डसली आणि वीस मिनिटांत हृदय थांबलं. अशा वेळी नक्की काय करायचं असतं?

पाणंद
८ मे, सकाळी ७:४०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांना जाऊन दोन वर्षं होतील. परवा शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला गांधीलमाशी डसली, अंगभर पित्त उठलं, आणि घरच्यांनी त्याला स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं असं कळलं. मुलगा सुखरूप आहे. पण ते "मध्ये बसवून" ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. भावजी ४४ वर्षांचे, धडधाकट, ना बीपी ना शुगर. कलमावर झेल्याने आंबे काढताना मानेवर गांधीलमाशी डसली. एकच. पावणेअकराची वेळ होती. ते स्वतः चालत पडवीत आले. पहिलं वाक्य म्हणाले ते, "वहिनी, तळहात खाजतायत." तळहात लालबुंद झाले होते. मग ओठ जड झाल्यासारखे वाटतायत म्हणाले, पोटात कळ आली, उलटी झाली, परसाकडला जायचंय म्हणाले. घामाने सदरा भिजला. आम्ही त्यांना खाटेवर आडवं केलं, सासूबाईंनी डंखावर चुना लावला. आडवं केल्यावर जरा बरं वाटतंय असं तेच म्हणाले. हे मला नीट आठवतं, कारण मी तेव्हा "देवा, टळलं" असं मनात म्हटलं होतं.

तेवढ्यात रिक्षा आली. आम्ही त्यांना उठवून बसवलं, कोकम सरबताचे दोन घोट दिले, दोन बाजूंनी धरून चालवत रिक्षापर्यंत नेलं आणि दोघांच्या मध्ये ताठ बसवलं. वाडीच्या वळणावरच त्यांची मान पडली. दवाखाना नऊ किलोमीटर. तिथे पोचलो तेव्हा नाडी नव्हती. दंडात दोन इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, थोडा वेळ छाती दाबली. सव्वाअकराला सगळं संपलं होतं. कागदावर "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू" एवढंच लिहिलेलं आहे.

आदल्या वर्षी त्यांना हातावर अशीच माशी डसली होती. तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या, एका इंजेक्शनने उतरल्या, आणि आम्ही विसरून गेलो.

माझे प्रश्न दोनच आहेत. हा हार्ट अटॅक होता का? आणि आम्ही उठवून बसवलं म्हणून काही झालं का? कृपया बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नका.

जुई
८ मे, सकाळी ८:१५

पाणंदताई, वाचून सुन्न झाले. काय बोलावं कळत नाही. इथे डॉक्टर आहेत, त्यांना कळवते.

मृण्मयी
८ मे, रात्री १०:०५

पाणंदताई, मी भूलतज्ज्ञ आहे. तीव्र ॲलर्जीने थांबलेलं हृदय आम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये बघावं लागतं, आणि तिथे सगळं हाताशी असूनही घाम फुटतो. तुम्ही सरळ उत्तर मागितलंय, तसंच देते.

नेहमीच्या अर्थाने हा हार्ट अटॅक नव्हता. तुम्ही लिहिलंय ते सगळं ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे सबंध शरीरात भडकणाऱ्या जीवघेण्या ॲलर्जीचं वर्णन आहे, आणि फार अचूक. तळहातांची खाज, ओठ जड होणं, पोटात कळ, उलटी, शौचाची घाई, घाम. आदल्या वर्षीच्या डंखाने शरीरात त्या विषाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तयारी झालेली असते. पुढच्या डंखाला शरीरभरच्या मास्ट पेशी (ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशी) एकदम फुटतात आणि हिस्टामिनसारखी रसायनं रक्तात ओततात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पाझरू लागतात. दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांमधला एक तृतीयांशापर्यंत द्रव बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत उतरू शकतो. रक्त अंगाबाहेर एक थेंबही गेलेलं नसतं, पण हृदयाकडे परत येणारं रक्त तुटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माणूस आडवा असताना पायांतलं, पोटातलं उरलंसुरलं रक्त कसंबसं हृदयाकडे येत असतं. त्याला उभं केलं किंवा ताठ बसवलं की ते खाली साचतं. हृदय आकुंचन पावत राहतं, पण आत ढकलायला काही नसतं. मँचेस्टरचे डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं की काही माणसं आडवी असताना तग धरून होती आणि उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर क्षणांत गेली. हे त्यांनी २००३ साली मांडलं. तेव्हा हो, उठवून बसवल्यामुळे नुकसान झालं असण्याची शक्यता आहे. नक्की असं कोणीच सांगू शकणार नाही. डंख मानेवरचा होता, प्रतिक्रिया भयंकर वेगाची होती, आणि ॲड्रिनॅलिन नऊ किलोमीटरच्या आत नव्हतं. झोपवून ठेवलं असतं तरीही ते गेले असते, असंही होऊ शकलं असतं. एमबीबीएस होऊन भूलशास्त्रात येईपर्यंत ही उठवण्याची गोष्ट मलाही कोणी शिकवली नव्हती. घरच्यांना ती कुठून ठाऊक असणार?

वेळेबद्दल. पम्फ्रींनीच २००० साली दाखवलं होतं की मृत्यू झालेल्यांमध्ये श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या ॲलर्जीत ३० मिनिटं, कीटकदंशात १५ मिनिटं आणि इंजेक्शन-सलाइनसारख्या उपचारांमध्ये ५ मिनिटं होता. तुमचं घड्याळ त्या पंधराच्या जवळच जातंय.

यावर जीव वाचवणारं औषध एकच, ॲड्रिनॅलिन. ते मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिच्या नेहमीच्या कुपीतलं अर्धं. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. मांडीच का, तर १९९८ साली मुलांवर झालेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूतून औषधाची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर पोचली, कातडीखाली दिल्यावर ३४ मिनिटं लागली. ३४ मिनिटं तुमच्याकडे नव्हतीच.

अण्णा_गुहागर
९ मे, सकाळी ६:५०

आमच्याकडे पूर्वापार डंखावर कांदा चोळतात, चुना लावतात. ॲव्हिलची गोळी तर घरोघरी असतेच. मला चार वेळा डसली आहे, हात सुजतो नि दोन दिवसांत उतरतो. सरसकट लोकांना घाबरवू नये असं वाटतं. आणि मी बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतो, त्याचा इथे काही संबंध येतो का?

मृण्मयी
९ मे, दुपारी २:२०

अण्णा, तुमचा हात सुजतो ती जागेवरची प्रतिक्रिया आहे आणि बहुतेकांना तेवढीच होते. कांदा लावा, बर्फ लावा, हरकत नाही. ॲनाफिलॅक्सिस झालेलीही बहुतेक माणसं वाचतात. पण डंख हातावर आणि खाज तळपायाला, पित्त पोटावर, किंवा घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, उलटी असं डंखापासून दूर काही सुरू झालं की प्रकरण वेगळं. कधीकधी अंगावर पुरळ अजिबात उठत नाही, माणूस नुसता पांढराफटक पडतो. तेव्हा पुरळ नाही म्हणून थांबायचं नाही.

ॲव्हिलने खाज आणि पित्त उतरतं. पडलेलं बीपी आणि आवळलेला घसा यांवर ते उपयोगी नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन काम करायला तास घेतं. आपल्याकडे ही जोडी दंडात देऊन पेशंटला बाकावर बसवायची सवय इतकी रुजली आहे की ॲड्रिनॅलिनची कुपी कपाटातच राहते. "हार्टला त्रास होईल" ही भीतीही असते. मांडीत दिलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमने थोडा वेळ धडधड होते, हात थरथरतात, बस. ते न दिल्याने माणूस जातो.

आणि हो, मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांमध्ये ॲड्रिनॅलिनचा असर कमी पडू शकतो. गोळी मनाने बंद मात्र करू नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपकेंद्र_ताई
९ मे, रात्री ९:३०

मी आरोग्यसेविका आहे. मृण्मयी मॅडमनी लिहिलं ते आमच्याकडे लसीकरणाच्या प्रशिक्षणात शिकवतात. लसीकरणाच्या सत्राला आम्ही ॲनाफिलॅक्सिस किट नेतो. त्यात ॲड्रिनॅलिनच्या कुप्या, एक मिलिची सिरिंज, इंचाची सुई आणि वयाप्रमाणे डोसचा तक्ता असतो. पहिला डोस मांडीत देऊन मग गाडी बोलवायची, असं आम्हाला सांगितलेलं आहे. कोविडच्या वेळी लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचो तेव्हा लोक कुरकुर करायचे. तो अर्धा तास याच्यासाठीच होता.

मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तिथे सर्पदंशाचं इंजेक्शन लावण्याआधी आमचे डॉक्टर ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून, वर नाव आणि वेळ लिहून, पेशंटच्या उशाशी ट्रेमध्ये ठेवायला लावत. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची ॲलर्जी पुष्कळांना येते. एकदा भातकापणीच्या दिवसांत एक बाई आली. फुरसं चावलेलं. औषध सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि ती म्हणाली, "बाय, माझ्या कानात गरम वारा भरलाय." बघते तर मान लाल, नाडी दोऱ्यासारखी. मी सलाइन बंद केलं, सिरिंज उचलली, लुगड्यावरूनच मांडीत टोचली. मग हाक मारली. डॉक्टर पोचेपर्यंत तिची नाडी हाताला लागायला लागली होती. कुपी शोधून, फोडून, भरून देण्यात जी दोन-तीन मिनिटं जातात ती वाचली, एवढंच झालं त्यात.

कुपी उन्हात ठेवू नका, उजेडात ठेवू नका. आतलं पाणी तपकिरी दिसलं तर फेकायची. आमच्याकडे मी दर महिन्याला तारीख बघते.

रेडिंगकर
१० मे, पहाटे ३:१०

आम्ही इंग्लंडमध्ये आहोत. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. मराठी घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, सगळीकडे दाण्याचं कूट. मंडळाच्या गणपतीला मी चार डब्यांची झाकणं उघडून वास घेते तेव्हा काही जणी अजून नाराज होतात.

इथे ॲड्रिनॅलिनची पेनं मिळतात, टोपण काढून मांडीवर दाबलं की सुई आपोआप जाते. कायम दोन जवळ ठेवायची, असं इथे सांगतात. १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांनाही जादा पेनं विकत घेऊन ठेवता येतात. मुलाच्या वर्गात सराव झाला तेव्हा त्याच्या बाईंनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं: पेन मारल्यावर मुलाला बरं वाटलं तरी उभं राहू द्यायचं नाही, चालत नर्सकडे तर मुळीच न्यायचं नाही.

नताशा एडनन-लपरूज ही मुलगी इथे सगळ्यांना माहीत आहे. पंधरा वर्षांची. १७ जुलै २०१६ ला वडील आणि मैत्रिणीबरोबर लंडनहून नीसला निघाली होती. विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात तीळ मळलेले होते, वेष्टनावर ते लिहिलेलं नव्हतं, आणि दुकानात बनवलेल्या पदार्थाला तेव्हा तशी सक्तीही नव्हती. विमानात घसा आवळला, अंगावर पित्त उठलं. वडिलांनी दोन्ही पेनं मारली. तिचं हृदय विमानातच थांबलं आणि त्याच दिवशी नीसच्या इस्पितळात ती गेली. आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा पदार्थांवर सगळे घटक छापणं बंधनकारक झालं. मी दर वेळी पाकिटावर ठळक अक्षरांत "तीळ" वाचते तेव्हा ती मुलगी आठवते.

पेनं होती तरी ती वाचली नाही, हे मला फार छळतं. डॉक्टर, हृदय थांबल्यावर मग काहीच करता येत नाही का?

मृण्मयी
१० मे, रात्री ११:४०

करता येतं. माणूस प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असं दिसलं की तिथेच, जमिनीवर, छाती दाबायला सुरुवात. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. इथे एक फरक आहे. रस्त्यावर अचानक कोसळलेल्या माणसाला नुसती छाती दाबली तरी चालतं असं आपल्याकडे शिकवतात, ते बरोबरच आहे. पण ॲलर्जीत घसा आणि श्वासनलिका आवळून ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. त्यामुळे ज्याला जमतं त्याने ३० दाबांनंतर दोन श्वासही द्यावेत.

मॉलमध्ये, स्टेशनवर शॉकचं यंत्र असेल तर आणून लावा, पण ते "शॉक नको" असं सांगण्याची शक्यता जास्त. या प्रकारात हृदयातला विद्युत्प्रवाह बरेचदा चालू असतो, मॉनिटरवर रेषा नाचत असते, पण नाडी नसते, कारण हृदय रिकामं आहे. यंत्राने शॉक नाकारला म्हणजे संपलं असं समजून लोक हात काढतात. दाबत राहायचं. आत द्रव भरला आणि ॲड्रिनॅलिन पोचलं तर हे हृदय परत उभं राहू शकतं. ते मुळात बहुधा निरोगी असतं, आणि म्हणूनच आम्ही अशा पेशंटवर नेहमीपेक्षा जास्त वेळ झटतो.

पहाटधाव
११ मे, सकाळी ९:००

मला गव्हाची ॲलर्जी आहे, पण फक्त पळालो तरच. कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ३८ वर्षं पोळी खाल्ली, काही झालं नाही. एका रविवारी गुडघा दुखत होता म्हणून वेदनाशामक गोळी घेतली, दोन पोळ्या-भाजी खाल्ली आणि तासाभराने टेकडीवर पळायला गेलो. तिसऱ्या किलोमीटरला पोटऱ्या खाजायला लागल्या, मग काखा, मग डोळ्यांपुढे अंधार. मित्रांनी मला उठवून झाडाला टेकवून बसवलं होतं. तिथे फिरायला आलेल्या एक बाई ओरडल्या, "झोपवा त्याला, पाय वर करा!" त्या डॉक्टर निघाल्या. नाडी हाताला लागत नव्हती असं त्यांनी नंतर सांगितलं. पाय वर केल्यावर मला त्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

निदान व्हायला सात महिने लागले. आता गहू खाल्ल्यावर चार-पाच तास पळत नाही, पळण्याच्या दिवशी ती गोळी घेत नाही, एकटा तर जातच नाही. आज पाणंदताईंचं वाचल्यावर त्या बाईंचं ओरडणं पहिल्यांदा नीट कळलं.

सह्यवेडा
११ मे, रात्री ८:४५

गडांवर आम्हाला भीती आग्या मोहोळाची. शेकडो माश्या चावल्या तर ॲलर्जी नसली तरी विषानेच माणूस जातो, हे माहीत होतं. एका डंखाने पंधरा मिनिटांत, हे नव्हतं. आमच्या गटात एका मुलीला आधी अशी रिॲक्शन आलेली आहे. पेनं आपल्या दुकानांत सहजी मिळत नाहीत, बाहेरून मागवायची तर फार महाग. मग आम्ही साधी कुपी आणि सिरिंज न्यावी का?

मृण्मयी
११ मे, रात्री ११:१५

तिने आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवावं. कुपी-सिरिंज ठेवायची असेल तर त्यांच्या चिठ्ठीवर, तिच्या डोसची खूण करून घेऊन, आणि गटातल्या निदान दोघांनी त्यांच्यासमोर संत्र्यावर सराव करून. घाबरलेल्या हातांनी कुपी फोडणं सोपं नसतं, आणि सबंध कुपी शिरेत गेली तर तीही घातक. स्नायूतच, मांडीतच. दिल्यावर तिला चालवत खाली आणायचं नाही. आणि बरं वाटलं तरी इस्पितळात काही तास राहायचं, कारण काहींना औषधाचा असर ओसरल्यावर दुसरी लाट येते.

पाणंद
१२ मे, सकाळी ६:३०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. मृण्मयीताई, तुम्ही "शक्यता आहे" असं स्पष्ट लिहिलंत. दोन वर्षांत सगळ्यांनी मला "तुमच्या हातात काही नव्हतं" असंच सांगितलं, आणि मला ते कधी खरं वाटलं नाही. काल जावेला वाचून दाखवलं. ती रडली, मग म्हणाली, "म्हणजे खाटेवर त्यांना खरंच बरं वाटत होतं." मला इतके दिवस वाटायचं की तिच्यासमोर हा विषय काढू नये.

एक व्यवहारातला प्रश्न राहतो. आमच्या वाडीत रिक्षाच येते. रिक्षात माणूस आडवा करता येत नाही. १०८ येईपर्यंत वेळ जातो. मग न्यायचं कसं?

मृण्मयी
१२ मे, दुपारी ३:००

फार कळीचा प्रश्न. १०८ ला फोन करताना "ॲलर्जी, श्वास लागतोय, बीपी पडलंय" असं सांगा. त्याच वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रिनॅलिन तयार ठेवायला कळवा. थांबून चालणार नसेल तर जीप, पिकअप, टेम्पो, ज्यात गादी टाकून लांब करता येईल असं काहीही. वाहनापर्यंत उचलून न्या. पाय थोडे वर. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. धाप फार लागली तर पाठीला टेकू देऊन अर्धवट बसू द्या, पण पाय लांब सोडलेले, खाली लोंबकळणारे नकोत.

उपकेंद्र_ताई
१२ मे, सायंकाळी ६:१०

पाणंदताई, तुमच्या वाडीची आरोग्यसेविका आणि आशाताई कोण आहेत ते विचारून घ्या. किट कुठे असतं, सत्र नसेल त्या दिवशी ते कुणाकडे असतं, आणि केंद्रात रात्री कोण असतं, हे आधीच माहीत हवं.

पाणंद
२९ मे, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, कळवायचं होतं.

आरोग्य केंद्रात जाऊन आले. डॉक्टरांनी कपाट उघडून कुप्या दाखवल्या, तारीख पुढच्या वर्षाची आहे. रात्रीचा फोन नंबर लिहून दिला. परवा वाडीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. पडवीत तीच खाट आहे, तिच्यावर पुतण्याला झोपवलं आणि चौघांनी चादरीसकट उचलून अंगणापर्यंत कसं न्यायचं ते करून बघितलं. पहिल्यांदा त्याचं डोकं वर आणि पाय खाली झाले, तेव्हा उलटं फिरवून पुन्हा केलं.

ज्यांच्या रिक्षातून भावजींना नेलं ते काकाही आले होते. दोन वर्षं ते आमच्या घरासमोरून गाडी हळू करून जायचे, थांबायचे नाहीत. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भाच्याचा आंब्याचा पिकअप दारात उभा. मागच्या हौद्यात सीटला लावून एक गादी गुंडाळून बांधलेली, वर प्लास्टिक. म्हणाले, हंगाम संपला तरी ती तिथेच राहील. पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर खडूने पिकअपचा आणि केंद्राचा नंबर लिहिलाय. पावसाने जाईल म्हणून उद्या रंगाने लिहायचा आहे.